परमुलखांतील पैका

मनुष्य प्रवासास निघाला म्हणजे त्याच्या गांठोड्यांत सर्वांत जड वस्तु पैका ही होय. वजनानें ती जड असेल वा नसेल. तिची काळजी मात्र खास जड असते. शिधा संपला तर वाटेंत शिजलेलें अन्न मिळतें, वस्त्र फाटलें तर टांका घालतां येतो. परंतु कमरेचा कसा गेला म्हणजे प्रवासी नुसता उपाशी राहत नाहीं, तर त्या मुलखांत त्याला कोणी विचारीनासें होतें. गांवीं ज्याच्या शब्दावर वाणी वर्षभर उधार देतो, त्याच गृहस्थाला शंभर कोसांवर तांब्याभर दूध कोणी उधार देत नाहीं. कारण उघड आहे. त्याची पत गांवींच राहिलेली असते. बरोबर आलेला असतो तो केवळ त्याचा देह. म्हणून प्रवाशाच्या पैक्याचा इतिहास आम्हांस नाण्यांचा इतिहास वाटत नाहीं. आपली पत परक्या दारांत कशी उभी करावी, या एकाच प्रश्नाचा तो इतिहास आहे.

आज मुंबईचा एखादा गृहस्थ लिस्बनला किंवा टोकियोला उतरतो, भिंतींत बसविलेल्या यंत्रांत आपल्या बँकेचें कार्ड सारतो, चार आंकडे दाबतो, आणि तेथील चलनाच्या नोटा खिशांत घालून चालूं लागतो. आपण आपल्या खात्यांतले पैसे काढले, असें तो म्हणतो. वस्तुतः त्याच्या खात्यांतला एक पैसाहि तेथें आलेला नसतो. त्या नोटा लिस्बनच्या एका बँकेच्या असतात. तिनें त्या एका अनोळखी माणसास क्षणांत दिल्या, त्या दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर. देण्यापूर्वीं तिला तीन प्रश्नांचीं उत्तरें हवीं होतीं: हा मनुष्य कोण? याच्या नांवावर तेवढी रक्कम आहे काय? आणि आज आपण दिलें तर तें भरून कोण देणार व या कामाची मजुरी काय? हे तीन प्रश्न यंत्राच्या जन्माआधीं कित्येक शतकें विचारले जात आहेत. बदललीं तीं त्यांचीं उत्तरें, आणि उत्तर देणारा.

आपल्या देशांत हें उत्तर हुंडीनें दिलें. पुण्याच्या माणसास काशीस जावयाचें असलें तर रोकड बरोबर नेणें म्हणजे चोरांस आमंत्रण देणें होतें. १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनीं मिळविलेलें द्रव्य वाटेंत कसें लुटलें गेलें, याची हकीगत ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकांत वाचावयास सांपडते. शहाणा यात्रेकरू म्हणून पेढीवर जाई, रुपये मोजून देई आणि काशीच्या सावकारावर लिहिलेला एक कागद घेऊन निघे. त्या कागदावर रक्कम एकदांच लिहीत नसत. शंभर रुपयांची हुंडी असेल तर ‘निमे पन्नास, त्यांचे दुप्पट’ असें फोडून लिहीत, म्हणजे आंकड्यांत कोणास फेरफार करतां येऊं नये. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीहि गेली तर परपेठ. दाखवितांच पैसे मिळावयाचे ती दर्शनी. ठराविक मुदतीनें मिळावयाचे ती मुदती. आणि ‘हा मनुष्य कोण?’ या पहिल्या प्रश्नाचें उत्तर शहाजोग हुंडीनें मोठ्या चतुराईनें दिलें होतें. तिचे पैसे बाजारांत प्रतिष्ठित असलेल्या सावकारासच मिळत. चोराच्या हातीं ती लागली तरी त्याला ती वटविण्यास कोणी अब्रूदार सावकार गांठावा लागे, आणि तेथें त्याची वाट अडे.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तरहि त्या व्यवहारांत उघड होतें. हुंडी लिहून देण्याची जी मजुरी तिला हुंडणावळ असा सरळ मराठी शब्द आहे. अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी अशा नाना तऱ्हांच्या रुपयांत अंतर असे. तें भरून काढण्यास सराफ बट्टा घेई. हुंडणावळ व बट्टा हे दोन्ही बाजाराप्रमाणें चढत उतरत. पण ते आधीं सांगितले जात, आणि एका पेढीचा भाव पटला नाहीं तर गिऱ्हाइकास शेजारची पेढी मोकळी असे.

हुंडीवर लोकांचा किती भरंवसा होता हें नरसी मेहत्याच्या कथेवरून दिसतें. महीपतीच्या ‘भक्तविजया’मुळें ती मराठी घरांतहि पोंचली. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंस जुनागडांत हुंडी हवी होती; टवाळांनीं त्यांस दरिद्री नरसीचें घर दाखविलें; आणि नरसीनें पैसे ठेवून घेऊन द्वारकेच्या शामळशेटीवर हुंडी लिहिली. त्या नांवाचा सावकार द्वारकेंत कोणी नव्हताच. प्रत्यक्ष भगवंतानें शेटजीचें रूप घेऊन ती वटविली. भक्त या कथेंत भक्ति पाहतात, तें योग्यच आहे. आम्हांस मात्र तींत त्या यात्रेकरूंची स्थितिहि दिसते. ज्याच्यावर हुंडी आहे तो सावकार आहे किंवा नाहीं, हें त्यांस द्वारकेच्या बाजारांत उभें राहीपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता. परमुलखांतील पैक्याची सारी मेख येथेंच आहे. आपला कागद खरा कीं खोटा हें आपल्या गांवीं ठरत नाहीं. तें परक्या दारांतच ठरतें.

युरोपांतहि हीच अडचण होती. श्रीमंत इंग्रज तरुण शिक्षण पुरें करण्यासाठीं फ्रान्स व इटलीची सफर करीत, तेव्हां ते आपल्या बँकवाल्याचें पतपत्र बरोबर नेत. पण तें पत्र ज्या ज्या शहरांतील पेढ्यांस लिहिलेलें असे तेथेंच चाले. वाट बदलली कीं पत संपली. रॉबर्ट हेरीस नांवाच्या स्कॉटिश बँकवाल्यानें १७७२ सालीं लंडनमध्यें यावर एक युक्ति काढली. त्यानें ठराविक रकमेच्या नोटा छापल्या आणि त्या युरोपांतील सुमारें ९० शहरांत वटविण्याची व्यवस्था केली. नोटेबरोबर प्रवाशाची सही असलेलें एक ओळखपत्र असे. दोन्ही सह्या जुळल्या कीं पैसे मिळत. आतां एकच कागद नव्वद दारांत चालूं लागला. पुढें प्रवास व्यवस्थेंत नांवाजलेल्या टॉमस कुकच्या कंपनीनें १८७४ सालीं याच तऱ्हेच्या नोटा काढल्या.

तरीहि पतपत्राची अडचण मोठमोठ्यांस भोंवतच होती. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीचे अध्यक्ष फार्गो हे १८९० च्या सुमारास युरोपांत गेले, तेव्हां राजधान्या सोडून बाहेर पाऊल टाकतांच त्यांचें पतपत्र कोणी ओळखीना. घरीं परतून त्यांनीं आपल्या मार्सेलस बेरी या कर्मचाऱ्यास उपाय शोधावयास सांगितला, आणि १८९१ सालीं प्रवासी धनादेशाचा जन्म झाला. त्यांतील हिकमत अगदीं साधी होती. विकत घेतांना एक सही, वटवितांना दुसरी सही. दोहोंचा मेळ म्हणजेच ओळख. आरंभींच्या धनादेशांवर निरनिराळ्या देशांच्या चलनांत किती रक्कम मिळेल हेंहि छापलेलें असे, म्हणजे भावाविषयीं घासाघीस नको. कंपनीचा लाभ असा कीं, लोक आज पैसे भरीत व महिन्यांनीं धनादेश वटवीत. मधल्या काळांत ती रक्कम कंपनीच्या हातीं खेळे.

या सर्व साधनांची परीक्षा ऑगस्ट १९१४ मध्यें झाली. महायुद्ध पेटलें, बँकांचीं दारें मिटलीं, परदेशी कागदास कोणी हात लावीना. त्या उन्हाळ्यांत युरोपांत फिरावयास आलेले हजारों अमेरिकन लोक, ज्यांच्या घरीं पैशास तोटा नव्हता असे, हॉटेलाचें बिल चुकविण्यास असमर्थ झाले. अमेरिकन सरकारला टेनेसी नांवाची युद्धनौका सोनें देऊन त्यांच्या मदतीस पाठवावी लागली. लंडनमध्यें हर्बर्ट हूव्हर या खाण-इंजिनियरानें देशबांधवांस कर्जाऊ रकमा मिळवून देण्याची व्यवस्था उभारली. हेच गृहस्थ १९२९ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्या गोंधळांत अमेरिकन एक्स्प्रेसनें आपले धनादेश वटविण्याचें थांबविलें नाहीं, आणि तिची पत त्यानंतर कित्येक पटींनीं वाढली. परंतु हा प्रसंग आम्हांस निराळ्या कारणास्तव महत्त्वाचा वाटतो. त्या प्रवाशांपैकीं कोणीहि दिवाळखोर झालेला नव्हता. त्यांची पत शाबूत होती. तिला परक्या दारापर्यंत पोंचविणारा धागा मात्र तुटला होता.

हा धागा यंत्राच्या हातीं जाण्यास आणखी अर्धें शतक लागलें. २७ जून १९६७ रोजीं लंडनजवळील एन्फील्ड येथें बार्कलेज बँकेनें भिंतींतून पैसे देणारें यंत्र उघडलें. त्याचे जनक समजले जाणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ सालीं आपल्या शिलाँगला झालेला होता. त्या यंत्रांत आजच्यासारखें कार्ड नव्हतें. बँकेकडून आधीं घेतलेली खास कागदाची चिठी घालावयाची, गुप्त आंकडा दाबावयाचा, आणि १० पौंड घ्यावयाचे. चिठी एकदां वापरली कीं संपली. म्हणजे तीहि एक दर्शनी हुंडीच होती. फरक इतकाच कीं सावकाराच्या गादीवर पोलादी पेटी बसली होती. त्या पेटीस बँकेच्या वहीशीं बोलतां येत नव्हतें. पुढें चुंबकीय पट्टीचें कार्ड आलें, यंत्रें तारेनें हिशेबाच्या संगणकास जोडलीं गेलीं, आणि ‘याच्या नांवावर रक्कम आहे काय?’ हा दुसरा प्रश्न तेथल्या तेथें विचारतां येऊं लागला. आपल्याकडे असें पहिलें यंत्र १९८७ सालीं मुंबईंत बसलें.

मात्र एका बँकेचें यंत्र दुसऱ्या बँकेच्या गिऱ्हाइकास ओळखीना, मग दुसऱ्या देशाच्या गिऱ्हाइकाची गोष्ट तर दूरच. ती भिंत बँकांच्या सामाईक जाळ्यांनीं पाडली. अमेरिकेंत १९८२ च्या सुमारास प्लस व सायरस हीं दोन जाळीं निघालीं, आणि पुढें तीं अनुक्रमें व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांच्या छायेखालीं गेलीं. आज लिस्बनचें यंत्र कार्डावरील आरंभींचे आंकडे वाचून तें कोणत्या जाळ्याचें व कोणत्या बँकेचें हें ओळखतें. प्रश्न जाळ्यावाटे मुंबईच्या बँकेकडे जातो. तेथें गुप्त आंकडा व शिल्लक तपासून ‘द्या’ किंवा ‘देऊं नका’ एवढेंच उत्तर परत येतें. बँकांचा आपसांतला हिशेब मागाहून चुकता होतो. तंत्र कितीहि नवें असलें तरी ही साखळी पेढी, आडत्या आणि सावकार यांचीच आहे. आणि ती आपोआप सर्वत्र पोंचली असेंहि नव्हे. जपानसारख्या प्रगत देशांतहि पुष्कळ बँकांचीं यंत्रें परदेशीं कार्ड घेत नसत; सेव्हन-इलेव्हन या दुकानांतील बँकेच्या यंत्रांनीं तें २००७ सालीं घ्यावयास आरंभ केला, तेव्हां तेथें पाहुण्यांची सोय झाली.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. हुंडी पेढीच्या ओळखीच्या माणसासच मिळे. गरीब, परका, एकटी निघालेली स्त्री यांस सावकाराची पायरी चढणें सोपें नव्हतें. यंत्र जात, वेष, भाषा कांहींच विचारीत नाहीं. मध्यरात्रींहि तें दार उघडें असतें. सामान्य मनुष्यास जगाचा प्रवास निर्धास्तपणें करतां येऊं लागला त्याचें बरेंचसें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. तथापि दोन गोष्टी या उलाढालींत आपल्या हातून निसटल्या, त्यांचा विचार करणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट मजुरीची. हुंडणावळ आधीं सांगितली जात असे. आजची हुंडणावळ बहुधा महिन्याअखेर खात्याचा उतारा आल्यावर कळते. परदेशीं पैसे काढतांना तीन हात पुढें होतात. आपली बँक चलनाच्या भावावर आपला वाढावा ठेवते, तो आपल्याकडील बँकांत पुष्कळदां शेंकडा साडेतीनच्या आसपास असतो. तीच बँक दर खेपेस एक ठराविक आकार घेते, त्यामुळें थोडे थोडे पैसे पुष्कळदां काढणारा अधिक नागवला जातो. आणि यंत्राचा मालक आपला निराळा आकार लावूं शकतो. याहून सूक्ष्म अशी चौथी तऱ्हा आहे. यंत्राच्या पडद्यावर मोठ्या अदबीनें विचारतात कीं, हिशेब आपल्याच चलनांत, म्हणजे रुपयांत, करूं काय? परक्या मुलखांत रुपयाचें नांव दिसतांच मनुष्यास बरें वाटतें व तो होकार देतो. परंतु तो होकार दिला कीं भाव ठरविण्याचा अधिकार यंत्राच्या बाजूच्या मंडळींकडे जातो, आणि तो भाव बहुधा महागच असतो. नकार देऊन हिशेब त्या देशाच्या चलनांत करावयास सांगणें यांतच हित असतें. युरोपीय संघानें २००२ सालीं युरोचे पैसे परराज्यांत काढण्यास स्वराज्यापेक्षां अधिक आकार घेऊं नये असा दंडक घातला, आणि २०१९ च्या कायद्यानें चलनबदलाचा वाढावा गिऱ्हाइकास आधीं दाखविणें २०२० पासून सक्तीचें केलें. जी गोष्ट पूर्वीं सराफाच्या तोंडून सहज कळे, ती कळण्यासाठीं आतां कायदे करावे लागतात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती धाग्याच्या मालकीची होय. जून १९१५ मध्यें नव्हे, तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, जून २०१५ अखेर ग्रीसमधील बँका बंद झाल्या आणि तेथील नागरिकांस यंत्रांतून दिवसास ६० युरोंहून अधिक काढण्यास मनाई झाली. परदेशी कार्डांस मात्र ही मर्यादा नव्हती. एकाच रांगेंत उभ्या असलेल्या पाहुण्यास हवी तेवढी रक्कम, आणि घरधन्यास मोजून ६० युरो! पैसा घरचा असून पत परक्याची मोठी ठरली. उलट प्रकार मार्च २०२२ मध्यें रशियनांच्या वाट्यास आला. युक्रेनवरील आक्रमणानंतर व्हिसा व मास्टरकार्ड यांनीं रशियांतील आपला व्यवहार थांबविला. २०१४ सालच्या निर्बंधांपासून धडा घेऊन रशियानें देशांतर्गत हिशेबाची स्वतंत्र व्यवस्था उभारलेली होती, म्हणून रशियन बँकांचीं तीं कार्डें मॉस्कोच्या दुकानांत चालतच राहिलीं. पण तींच कार्डें खिशांत घेऊन परदेशीं गेलेल्या साध्या प्रवाशांच्या हातीं निरुपयोगी तुकडे उरले. त्यांत युद्धाचे पुरस्कर्ते होते तसे विरोधकहि होते, विद्यार्थी होते, रोगीहि होते. यंत्रानें जसें ओळख विचारण्याचें सोडलें, तसेंच अपराध कोणाचा हें विचारण्याचेंहि सोडलें.

आमच्या घरचा अनुभवहि या बाबतींत कोरा नाहीं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां यंत्रें आधीं बंद राहिलीं, मग एका कार्डास दिवसाला २००० रुपये देऊं लागलीं, आणि आपल्या रांगांत परदेशीं पाहुणेहि ताटकळत उभे राहिले. त्याहून मागें गेल्यास १९७० च्या सुमाराचा काळ आठवतो. परकीय चलनाची चणचण एवढी होती कीं कित्येक भारतीय विद्यार्थी खिशांत अवघे ८ डॉलर घेऊन समुद्रापार गेले. १९९१ च्या जुलैंत तर देशानें सुमारें ४७ टन सोनें बँक ऑफ इंग्लंडकडे तारण पाठविलें. व्यक्तीच्या पतीला परदेशांत किंमत येण्यास आधीं देशाची पत उभी असावी लागते, हें त्या पिढीस कोणी शिकविण्याची गरज नव्हती. १९९९ चा नवा परकीय चलन कायदा जून २००० मध्यें अंमलांत आला. २००४ सालीं भारतीयास वर्षास २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मोकळीक मिळाली, ती २०१५ पासून २,५०,००० डॉलर झाली, आणि परदेशांतील यंत्रांतून बँकेच्या कार्डानें काढलेली रक्कमहि तींतच मोजली जाते. ८ डॉलरांपासून येथवरचा पल्ला लहान नव्हे. २०१२ सालीं निघालेलें रुपे कार्ड हें स्वतःचा धागा विणण्याचेंच काम आहे. भूतानसारख्या शेजाऱ्यांकडे तें पोंचलेंहि आहे. परंतु दूरच्या शहरांत आपला शब्द नेणारे धागे अद्याप बहुतांशीं परक्या कंपन्यांचे आहेत.

यावरून कोणी प्रवासच टाळावा असें आम्ही सुचवीत नाहीं. जुन्या यात्रेकरूचें शहाणपण मात्र टाकूं नये. तो हुंडी घेई, तरी चार रुपये कनवटीस वेगळे बांधी. आणि पेढी कोणाची, आडत्या कोण, हुंडणावळ किती, हें निघण्यापूर्वीं विचारून घेई. आजच्या प्रवाशानें दोन निरनिराळ्या जाळ्यांचीं कार्डें व थोडी त्या देशाची रोकड जवळ ठेवावी, आपल्या बँकेचा आकार आधींच लिहून मागावा, आणि २०२० पासून आपल्याकडील नवें कार्ड परदेशांतील व्यवहारास आपण होऊन खुलें करून घ्यावें लागतें हें विसरूं नये. हीं कामें घरीं बसून अर्ध्या घटकेचीं आहेत. परक्या शहरांत, बंद यंत्रासमोर, तींच कामें दोन दिवसांचीं होतात. राष्ट्रानें मात्र याहून पुढचा विचार करावयास हवा. ज्याच्या लोकांची पत दुसऱ्याच्या धाग्यावर लोंबकळते, त्यानें तो धागा कोणाच्या मुठींत आहे व ती मूठ कोणत्या कारणानें सुटेल, हें शांततेच्या काळींच पाहून ठेवलेलें बरें.